बादलीतलं जस्त, ताटातलं जस्त

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात घुसलं. श्रीवर्धन-मुरुडकडे जे झालं त्या मानाने कर्जतला आम्ही थोडक्यात सुटलो. तरी आमच्या आळीत दोन घरांचे पत्रे उडाले, झाडं पडली आणि लाइट गेली. मी तेव्हा घरूनच ऑफिसचं काम करत होतो. लाइट नाही म्हणजे नेट नाही, नेट नाही म्हणजे काम नाही. आईने मला बाजारात पिटाळलं.

त्या आठवड्यात बाजारात दोन गोष्टी मिळत नव्हत्या. हार्डवेअरच्या दुकानात पत्रे आणि मेडिकलमध्ये झिंकच्या गोळ्या. पत्र्यांसाठी वादळग्रस्त उभे होते आणि गोळ्यांसाठी करोनाने घाबरलेले माझ्यासारखे लोक. ‘इम्युनिटी’ हा शब्द तेव्हा मीठ-मिरचीइतका घरगुती झाला होता. दोन्ही रांगा एकाच धातूसाठी आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही. पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जो थर चढवतात तो जस्ताचा, आणि झिंक म्हणजेच जस्त. आजीची बादली ज्याची होती तेच. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या माणसाला हे तेव्हाच जोडता यायला हवं होतं, पण शाळेतलं जस्त मराठीत राहिलं आणि मेडिकलमधलं झिंक इंग्रजीत.

दोन स्ट्रिप मिळाल्या. संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा मी फुशारकीने सांगितलं. मावशी खालापूर तालुक्यात आशा सेविका आहे. ती हसायलाच लागली.

“अरे, झिंकच्या गोळ्या माझ्या पिशवीत पडून आहेत. घ्यायला कोणी तयार नाही.”

“कसल्या गोळ्या?”

“पोरांना जुलाब झाले की देतात त्या. चौदा दिवस द्यायच्या. पोरगं तिसऱ्या दिवशी खेळायला लागलं की आई गोळी बंद करते. आणि तू धडधाकट माणूस, रांगा लावतोस होय रे?”

हा प्रश्न डोक्यात राहिला. ज्यांना गरज कमी ते रांगेत, आणि ज्यांना गरज जास्त त्यांच्यासाठी आलेली गोळी पिशवीत. हे असं का, हे शोधताना मी जस्ताच्या इतिहासात शिरलो. तो इतिहास राजस्थानातल्या खाणींत सुरू होतो, इराणमधल्या एका दवाखान्यात वळण घेतो आणि आमच्याकडच्या कातकरी वाडीच्या भिंतीपर्यंत येतो.

भट्टीतून निसटणारा धातू

जस्त हा हाताला न लागणारा धातू होता. तांबं, लोखंड भट्टीत तळाशी जमतं. जस्ताचं तसं नाही. ते ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याचं खनिज फोडायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे धातू तयार होतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागली की जळून पांढरी राख होतो. पितळ बनवता येत होतं, कारण तिथे ही वाफ तांब्यात मुरते. शुद्ध जस्त मोठ्या प्रमाणावर मिळवायचं तर वाफ पकडून थंड करावी लागते.

हे कोडं उदयपूरजवळच्या झावरच्या कारागिरांनी सोडवलं. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवायच्या, वरून आच द्यायची आणि खाली नळीतून उतरणारी वाफ गार करायची. वाफ पकडायची ही युक्ती ‘रसरत्नसमुच्चय’ या तेराव्या शतकाच्या आसपासच्या ग्रंथात वर्णन केलेली आहे. झावरच्या डोंगरात वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आजही आहेत, आणि तिथल्या लोकांनी त्या मुशी घरांच्या भिंतींतही वापरल्या आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. वैद्यांच्या कपाटातलं यशदभस्म हे याच धातूचं.

म्हणजे धातू म्हणून जस्त आपल्याला कित्येक शतकं ठाऊक होतं. पण ते शरीरालाही लागतं, हे कळायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं.

पहिला धागा एका बुरशीने दिला. १८६९ साली लुई पाश्चरचा विद्यार्थी ज्यूल्स रोलँ याने दाखवलं की जस्त नसेल तर काळी बुरशी नीट वाढत नाही. मग १९३४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात टॉड, एल्व्हेजेम आणि हार्ट यांनी उंदरांना जस्त लागतं हे सिद्ध केलं. १९५५ साली डुकरांच्या एका त्वचारोगावर जस्ताचा उपाय सापडला. बुरशीला लागतं, उंदराला लागतं, डुकराला लागतं. माणसाचं काय? त्यावर तज्ज्ञांचं उत्तर ठरलेलं होतं: जस्त मातीत आहे, धान्यात आहे, मांसात आहे, सगळीकडे आहे. जे सगळीकडे आहे ते माणसाला कमी पडेल कसं?

हे वाक्य लक्षात ठेवा. चूक याच वाक्यात होती.

माती खाणारा मुलगा

१९५८ सालची गोष्ट. बिहारमधल्या बक्सरचे आनंद प्रसाद हे तरुण डॉक्टर पाटण्यात शिकून अमेरिकेला गेले होते आणि तिथून इराणमधल्या शिराझ शहरात आले होते. जेम्स हॉलस्टेड या अमेरिकी प्राध्यापकांनी त्यांना एक पेशंट दाखवला. वय २१. दिसायला मात्र दहा वर्षांच्या मुलासारखा. दाढी-मिशा नाहीत, वयात आल्याची कुठलीच खूण नाही. त्वचा खरखरीत, यकृत आणि प्लीहा वाढलेली, रक्त अगदी कमी. खाणं काय, तर बिनखमिराची गव्हाची रोटी. मांस-अंडी जवळपास नाहीतच. आणि हा मुलगा रोज माती खायचा.

आपल्याकडे ‘माती खाल्ली’ म्हणजे काम बिघडवलं. पण खरोखर माती खाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. गरोदरपणात भाजलेली माती खाणारी एखादी बाई, भिंतीचा पोपडा चाटणारं पोर. आपण रागावतो, हात बांधतो, सोडून देतो.

प्रसाद यांनी सोडून दिलं नाही. लोह कमी आहे म्हणून रक्त कमी आहे, हे सरळ होतं. पण लोहाच्या कमतरतेने माणूस वयातच येत नाही असं होत नाही. मग त्यांच्यासमोर असेच आणखी रुग्ण आले. ते वर्षानुवर्षं त्या गावांत होते. बुटके असणं हा त्यांचा वंशच आहे असं समजून कुणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. प्राण्यांमध्ये जस्त कमी पडलं की वाढ खुंटते आणि वृषणं विकसित होत नाहीत हे प्रसाद यांना माहीत होतं. १९६१ साली हॉलस्टेड आणि नदीमी यांच्याबरोबर छापलेल्या लेखात त्यांनी शंका मांडली: या मुलांना जस्त कमी पडत असावं.

शंका सिद्ध झाली ती इजिप्तमध्ये. कैरोजवळच्या खेड्यांत अशाच मुलांच्या रक्तात, लाल पेशींत आणि केसांत जस्त कमी आढळलं. जस्त दिल्यावर त्यांची उंची एका वर्षात पाच-सहा इंच वाढली. वाचून मी थांबलो. पाच-सहा इंच! आयुष्यभर ‘हा असाच’ म्हणून ज्याला बाजूला बसवलं होतं, तो वर्षभरात दारातून वाकून जायला लागला असेल.

तरीही वाद बरीच वर्षं चालला. १९७२ साली हॉलस्टेड आणि सहकाऱ्यांनी इराणच्या सैन्यभरतीत कुपोषणामुळे नाकारलेल्या १९-२० वर्षांच्या तरुणांवरचा अभ्यास छापला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मॉयनाहन आणि बार्न्स यांनी लहान मुलांच्या एका जीवघेण्या आनुवंशिक त्वचारोगात जस्ताने बाळं बरी होतात हे दाखवलं. अखेर १९७४ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने जस्त माणसाला आवश्यक आहे हे मान्य करून त्याचं रोजचं प्रमाण ठरवलं. शिराझच्या त्या मुलापासून सोळा वर्षांनी.

असून नसल्यासारखं

त्या मुलाच्या रोटीत जस्त होतं. तज्ज्ञ खोटं बोलत नव्हते. मग ते जात कुठे होतं?

धान्य आणि कडधान्यांच्या दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. रोपाला पुढे लागणारा फॉस्फरस साठवायची ती कोठी. हे फायटेट आतड्यात जस्ताला, लोहाला घट्ट धरून बसतं आणि शरीराबाहेर घेऊन जातं. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसं, डेटा सर्व्हरवर आहे पण परमिशन नाही. भरीला त्या मुलाने खाल्लेली माती. तीही जस्त धरून ठेवते.

फायटेट मोडायचे उपाय जुने आहेत. पीठ आंबवा, दाणे भिजवा, मोड आणा. यातलं प्रत्येक केलं की दाण्यातली फायटेज नावाची विकरं किंवा आंबवणारे जिवाणू फायटेट तोडायला लागतात आणि जस्त मोकळं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वैशाली आगटे, शशी चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जेवणातल्या जस्तावर वर्षानुवर्षं काम केलं. आंबवल्यावर धान्य-कडधान्याच्या मिश्रणातलं जस्त किती सुटतं, हे त्यांनी प्रयोगशाळेत मोजलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या रश्मी तुपे आणि चिपळूणकर यांच्या अभ्यासात पुण्यातल्या किशोरवयीन मुलींना जस्त वाढवून दिल्यावर त्यांची स्मरणशक्ती आणि चवीची जाण सुधारलेली दिसली.

हे वाचल्यावर मला आमच्या रायगडचं वालाचं बिरडं वेगळं दिसायला लागलं. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. लहानपणी ते सोलायचं काम माझ्याकडे होतं आणि मी त्याला शिक्षा समजायचो. नाचणीचं पीठ आंबवून केलेली आंबील तशीच. आजीला फायटेट माहीत नव्हतं. तिला ‘न भिजवता खाल्लं तर पोटात गुबारा धरतो’ एवढं माहीत होतं. तिचं कारण वेगळं होतं, पण त्यातून ताटातलं जस्त थोडं जास्त हाती लागत होतं.

एकाच देहाला दोन देशांत दोन आकडे का, हेही यातून उलगडतं. अमेरिकेत प्रौढ पुरुषाला रोज ११ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस आहे. आपल्या आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेला आकडा १७ मिलिग्रॅम आहे. भारतीय पुरुष काही अमेरिकनापेक्षा धिप्पाड नाही. आपलं ताट धान्य-कडधान्याचं, त्यातलं कमी शोषलं जातं, म्हणून जास्त खावं लागतं.

पंचविशीच्या आत

प्रसाद यांनी पुढे अनेकदा सांगितलेली एक गोष्ट मला पाच-सहा इंचांच्या आकड्यापेक्षा जास्त लागली. शिराझकडची ती खुंटलेली मुलं पंचविशीच्या पुढे फारशी जगत नसत. त्यांना नेणारे आजार म्हणजे संसर्ग. उंची हे डोळ्यांना दिसणारं नुकसान होतं. आत त्यांची रोगप्रतिकारशक्ती ढासळत होती.

प्रसाद यांचं पुढचं आयुष्य या प्रश्नावर गेलं. डेट्रॉइटमध्ये त्यांनी स्वयंसेवकांना मोजूनमापून कमी जस्ताचा आहार दिला आणि रक्तातले बदल नोंदवले. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. हाडांच्या मगजात जन्मलेल्या काही पांढऱ्या पेशी तिथे शिकून तयार होतात, त्या टी-पेशी. शत्रू ओळखणं आणि बाकीच्या फौजेला हुकूम देणं हे त्यांचं काम. या ग्रंथीचं थायम्युलिन नावाचं संप्रेरक जस्त चिकटल्याशिवाय चालतच नाही. जस्त थोडं कमी झालं तरी थायम्युलिनचं काम मंदावतं आणि टी-पेशींचे एकमेकींना जाणारे निरोप कमी होतात. जस्त पुन्हा दिलं की गाडी रुळावर येते.

दुसरं काम आणखी खोलवरचं आहे. १९८५ साली केंब्रिजमध्ये ॲरन क्लुग यांच्या गटाने दाखवलं की काही प्रथिनं जस्ताच्या अणूभोवती बोटासारखी दुमडतात आणि त्या बोटांनी डीएनए पकडतात. त्यांना ‘झिंक फिंगर’ म्हणतात. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे ठरवणाऱ्या प्रथिनांचा मोठा गट असा आहे. मानवी प्रथिनांपैकी सुमारे दहा टक्के प्रथिनं जस्त धरतात असा अंदाज आहे. म्हणून जिथे पेशी भराभर जन्मतात तिथे फटका आधी बसतो: वाढतं मूल, आतड्याचं अस्तर, त्वचा, पांढऱ्या पेशी.

आणि हे सगळं अंगातल्या जेमतेम दोन-तीन ग्रॅम जस्तावर चालतं. लोहासारखी त्याची वेगळी तिजोरी नसते. रोज यायला लागतं. नाही आलं तर शरीर एरर दाखवत नाही. ते वाढीचा खर्च कापतं आणि चालत राहतं. रक्तातला आकडाही बराच काळ ठीक दिसू शकतो. मूल रडत नाही, पडत नाही. बारीक राहतं आणि वरचेवर आजारी पडतं एवढंच.

जुलाब आणि चौदा दिवस

आता मावशीच्या पिशवीकडे येऊ. जुलाबात पोराच्या अंगातलं पाणी आणि मीठ जातं, तसं जस्तही जातं. जस्त गेलं की आतड्याचं अस्तर नीट भरून येत नाही आणि प्रतिकारशक्ती घटते. मग पुढच्या जुलाबाला दार उघडं. पुन्हा जस्त जातं. हे चक्र आहे.

ते तोडता येईल का, हे आपल्याच देशात तपासलं गेलं. दिल्लीत सुनील सजावल, महाराज किशन भान, रॉबर्ट ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी ६ ते ३५ महिन्यांच्या ९३७ मुलांवर प्रयोग केला. १९९५ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. जस्त मिळालेल्या मुलांमध्ये जुलाब लांबण्याची शक्यता २३ टक्क्यांनी कमी झाली. इतर देशांतूनही असे निष्कर्ष येत गेले आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी एकत्र शिफारस केली: ओआरएसबरोबर १० ते १४ दिवस जस्त. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०. भारतात चौदा दिवस ठरले. २०१४ पासून पावसाळ्यात जो अतिसार नियंत्रण पंधरवडा सुरू झाला, त्यात ओआरएसच्या पाकिटाबरोबर ही गोळी घरोघर जायला लागली.

पहिले दोन-तीन दिवस गोळी जुलाब आटोपायला मदत करते. उरलेले दिवस रिकामी झालेली जागा भरण्यासाठी असतात, म्हणजे पुढचं आजारपण टळावं म्हणून. नेमके हेच दिवस गळतात, कारण तोवर पोर हसत असतं. २०२० साली छापलेल्या, भारत आणि टांझानियात झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५ आणि १० मिलिग्रॅमची गोळीही जुलाबावर २० इतकीच चालते आणि उलट्या कमी होतात असं दिसलं. गोळी दिल्यावर पोर ओकतं म्हणून ती बंद करणाऱ्या आया काही अडाणी नव्हत्या, त्यांना दिसत होतं ते खरं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात जुलाब झालेल्या साधारण ६१ टक्के मुलांना ओआरएस मिळालं. जस्त मिळालं ३१ टक्क्यांच्या आसपास. दहातल्या तिघांना.

भाताचा हिशोब

कर्जत हे भाताचं गाव आहे. इथलं कृषी संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ ही वाणं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. गंमत म्हणजे भातालाही जस्त लागतं. १९६६ साली पंतनगरला य. ल. नेने यांनी दाखवलं की तराईतल्या भातावरचा ‘खैरा’ रोग कुठल्या किडीचा नसून जस्ताच्या कमतरतेचा आहे. पाणी साचलेल्या खाचरात जस्त मुळांना मिळेनासं होतं. पानं तपकिरी पडतात, रोप खुजं राहतं. आज कृषी सेवा केंद्रात झिंक सल्फेटची पिशवी मिळते. भाताचं रोप खुजं राहिलं तर काय टाकायचं हे आम्हाला माहीत आहे.

पोर खुजं राहिलं तर? माझ्या शाळेत वाडीवरची मुलं बसायची, कातकरी आणि ठाकर. वर्गाच्या फोटोत ती कायम पुढच्या ओळीत. “ही जातच बारकी,” असं मोठी माणसं सहज म्हणायची आणि आम्ही ते खरं धरायचो. शिराझच्या गावांतही लोक हेच समजत होते.

मी एक हिशोब मांडला. पॉलिश केलेल्या नेहमीच्या तांदळात किलोला १२ ते १६ मिलिग्रॅम जस्त असतं. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. सगळा तांदूळच धरला आणि घरात पाच माणसं धरली, तर माणशी रोज साधारण २३० ग्रॅम. त्यातून जस्त मिळतं तीन-साडेतीन मिलिग्रॅम. हवं १७, आणि बाईला १३. उरलेलं कुठून यायचं?

पूर्वी ते ओढ्यातून यायचं. पहिल्या पावसात कातकरी माणूस चिंबोऱ्या धरतो, वळगणीचे मासे धरतो, रानात शिकार करायचा. खेकडा आणि मांस यांत जस्त भरपूर, आणि आड यायला फायटेट नाही. त्या ताटाला आम्ही नाकं मुरडली. आता ओढ्याकाठी फार्महाऊसांची कुंपणं आहेत आणि वाडीत सुकट महाग झाली आहे. खोपोली-पेण रस्त्यावर पोलादी पत्र्यांवर जस्ताचा थर देणारा कारखाना आहे. म्हणजे खालापूर तालुक्यात जस्ताला तोटा नाही. ते लोखंडापर्यंत पोचतं.

इथे सावध राहायला हवं. खुरटण्याला एकटं जस्त जबाबदार नसतं. आईचं स्वतःचं उपाशीपण, लवकर झालेलं लग्न, दूषित पाणी, लोह, प्रथिनं आणि मुळात पोटभर न मिळणं, ही सगळी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. गोळीने गरिबी जात नाही. पण २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के मुलांमध्ये आणि १० ते १९ वयाच्या ३२ टक्के मुला-मुलींमध्ये जस्त कमी आढळलं. शास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘डीआरआर धान ४५’ हे किलोला २२ मिलिग्रॅमहून जास्त जस्ताचं भाताचं वाण आणलं, ते याच कारणाने.

माझ्या दोन स्ट्रिप

आणि माझ्या गोळ्यांचं काय झालं? मी त्या संपवल्या, मग आणखी आणल्या. रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळायचं. तरी तीन महिने घेतल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीचा निकाल आला. करोना झालेल्या २१४ जणांना घरी ५० मिलिग्रॅम जस्त, क जीवनसत्त्वाचा मोठा डोस, दोन्ही किंवा काहीच नाही, असं वाटून दिलं होतं. लक्षणं लवकर कमी होतायत असं काही दिसेना, म्हणून चाचणी मध्येच थांबवली.

उलट जास्त जस्ताचा तोटा आहे. जस्त फार झालं की आतड्यात तांबं नीट शोषलं जात नाही, ते बाहेर राहतं. हेही आधी दाखवलं ते प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच, १९७८ साली, सिकल सेलच्या रुग्णांना जस्त देताना. त्याच गुणाचा उपयोग करून पुढे विल्सन्स डिसीजमध्ये अंगातलं जादा तांबं रोखायला जस्त देऊ लागले. ज्याच्यात कमी आहे त्याला जस्त दिलं तर फरक पडतो. ज्याच्यात पुरेसं आहे त्याला आणखी दिल्याने त्याची इम्युनिटी दुप्पट होत नाही. हे मला तीन महिने आणि बऱ्याच पैशांनंतर कळलं. मावशीला ते आधीच माहीत होतं.

रेघा

२०२२ च्या दिवाळीनंतर मावशीची स्कूटी बंद पडली होती म्हणून मी तिला बाइकवरून एका कातकरी वाडीवर नेलं. दीड वर्षाच्या एका मुलीला जुलाब झाले होते, त्या घरी तिने गोळ्या दिल्या होत्या. चमच्यात पाणी घेऊन गोळी विरघळवायची आणि पाजायची, हे तिने करून दाखवलं होतं. चौदा दिवस कसे मोजायचे, हा प्रश्न होता. घरात लिहिता-वाचता कुणाला येत नव्हतं. मुलीची आजीच म्हणाली होती, “रोज एक रेघ मारते.”

आम्ही पोचलो तेव्हा दाराला तार गुंडाळलेली होती. दाराशेजारच्या कुडाच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या. सरळ, एकसारख्या, बोटभर उंचीच्या. मी मोजल्या. नऊ होत्या.

शेजारची बाई म्हणाली, “परवा भट्टीवर गेली. मुकादम गाडी घेऊन आला रात्री.”

“पोरीची गोळी?” मावशीने विचारलं.

“नेली असंल. पाकीट पदरात बांधताना बघितलं मी.”

मावशीने वीटभट्टीचं गाव विचारलं. बाईला नक्की सांगता येईना, पनवेलकडे की भिवंडीकडे. मावशीने रजिस्टर उघडलं, मुलीच्या नावापुढे ‘स्थलांतर’ असं लिहिलं आणि पुढच्या घराकडे निघाली. मी बाइक वळवायला गेलो, पण त्याआधी त्या रेघा परत एकदा मोजल्या. नऊच होत्या.